नादाचा प्रतिनिधी

धारानगरीचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रविधानाचा आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी १९२४-२५ साली हा ग्रंथ दोन भागांत छापून काढला. तेव्हापासून त्यातील पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याची गोष्ट आपल्या व्याख्यानांतून आणि दिवाळी अंकांतून इतकी फिरली आहे की, त्याच अध्यायातील अधिक विचार करण्याजोग्या मजकुराकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. तेथे तालावर नाचणारे कृत्रिम पक्षी आहेत. कोंडून सोडलेल्या वाऱ्याच्या जोरावर वाद्यांचे ध्वनी काढणारी यंत्रे आहेत. आणि चांगले यंत्र कोणते म्हणावे, याचे गुणही सांगितले आहेत. जेथे आवाज नको तेथे यंत्र मुके असावे व जेथे हवा तेथे तो भरपूर असावा, हा एक गुण. लय-ताल यांना त्याने अनुसरावे, हा दुसरा. ज्या प्राण्याची प्रतिकृती असेल त्याच्याशी त्याचे सादृश्य असावे, हा आणखी एक. इतके सांगून झाल्यावर यंत्रे जोडावी कशी हे मात्र ग्रंथकार सांगत नाही. ठाऊक नाही म्हणून नव्हे, तर गुप्त राहावे म्हणून सांगितले नाही, असेही तो बजावून ठेवतो.

गेल्या दिवाळीत देवासला माझ्या मावसभावाकडे उतरलो होतो, तेव्हा हा अध्याय मला अनपेक्षितपणे आठवला. धार आणि देवास या दोन्ही ठिकाणी पवारांची राज्ये होती. मध्ये इंदूर लागते. या भागात मराठी बोलणारी जुनी घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या मराठीत माळव्याचा गोडवा उतरला आहे, आणि पाहुण्याला जेवायला बसवून उठू न देण्याची रीतही. जेवणे झाल्यावर भावाचा मुलगा मला माडीवर घेऊन गेला. टेबलावर डाग देण्याची सळई, तारांची भेंडोळी, आणि त्या पसाऱ्यात पत्र्याची एक पेटी, जिच्यावर वीसेक कळा. हे त्याने स्वतः बांधलेले सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या मंडलांतून स्वर निर्माण करणारे वाद्य. जर्मनीतील टॉर्स्टन क्लोझ नावाच्या गृहस्थांनी हौशी लोकांसाठी ‘मिडीबॉक्स सिड’ या नावाने त्याची रचना खुली करून ठेवली आहे, आणि जगभरची मुले ती पाहून घरोघर ही पेटी बांधतात. भोजराजाने जे झाकले ते या गृहस्थांनी उघडून ठेवले, असा एक विचार तेव्हा मनात येऊन गेला.

पेटीच्या पोटात खरा गवई एकच. गोमेसारखे दोन बाजूंना मिळून अठ्ठावीस पाय असलेली, करंगळीएवढी काळी चिप. तिची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

‘कमोडोर ६४’ हा घरगुती संगणक १९८२ साली अमेरिकेत निघाला. त्यासाठी मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीतील बॉब यॅनिस या तरुण अभियंत्याने ६५८१ या क्रमांकाची ध्वनिचिप आखली. तिला ‘सिड’ म्हणतात. तोवरच्या संगणकांतील ध्वनिचिपा संगीताचा गंध नसलेल्या माणसांनी आखलेल्या आहेत, असे यॅनिसचे मत होते, आणि ते खोटे नव्हते. आपल्याकडे १९८४ साली ‘क्लास’ योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यातील चिपला तीन सपाट स्वर आणि एक खरखर एवढीच विद्या अवगत होती. ज्यांनी ती ऐकली असेल त्यांना ती दाराच्या घंटेची बहीण वाटली असेल. सिडलाही आवाज तीनच. पण त्या प्रत्येकाला चार प्रकारच्या लहरी, आणि स्वर कसा उगवावा, कसा स्थिरावा, कसा मावळावा हे ठरविण्याची सोय. शिवाय स्वरातील वरचे किंवा खालचे घटक कापून टाकणारी एक गाळणी, जिला फिल्टर म्हणतात. आकडेमोडीवर चालणाऱ्या या चिपमधील ही गाळणी मात्र आकड्यांची नव्हती. विजेच्या प्रत्यक्ष चढउतारावर ती चालत असे, आणि तिच्यातील सूक्ष्म घटक एका चिपपासून दुसरीपर्यंत सारखे उतरत नसत. चिप आखायला यॅनिसला थोडेच महिने मिळाले, आणि गाळणी त्याच्या मनासारखी झाली नाही. परिणाम असा झाला की, एकाच कारखान्यातील दोन चिपांचे गळे वेगळे निघाले. एकीत स्वर घोगरा, दुसरीत मोकळा.

आणखी एक दोष होता. आवाजाची पातळी ठरविणाऱ्या कप्प्यातील आकडा बदलला की चिपमधून ‘टक्’ असा ध्वनी निघे. संगीतकारांनी या टकटकीलाच कामाला लावले. आकडे अतिशय भराभर बदलून त्यांनी तिच्यातून ढोल वाजविले, माणसाचे बोल काढले. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ८५८० ही सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात दोष जवळजवळ गेला आणि त्याबरोबर जुन्या रचनांतील ढोलही क्षीण झाले. शुद्धीकरणाने काय हरवते याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

१९९४ साली कमोडोर कंपनी दिवाळखोरीत गेली. आता ही चिप कोठेच होत नाही. स्वीडनमधील एलेक्ट्रॉन या कंपनीने खऱ्या चिपा घालून ‘सिडस्टेशन’ नावाचे वाद्य काढले होते. चिपांचा साठा सरला तसे तेही थांबले. ज्या उरल्या आहेत त्या तापतात, वय होऊन मुक्या होतात, आणि त्यांची किंमत वाढत जाते. किमतीबरोबर लबाडीही वाढते. माझ्या पुतण्याने साठवलेल्या पैशांतून दूरच्या एका विक्रेत्याकडून मागविलेली चिप भलत्याच जातीची निघाली. वरची अक्षरे घासून नवी छापलेली होती. पेटी बांधून तयार आणि आत गवई नाही, अशी त्याची अवस्था झाली. शेवटी एका मित्राच्या घरच्या बंद पडलेल्या संगणकातून एक खरी चिप मिळाली. ती फार वापरू नये म्हणून त्याने प्रतिनिधी चिपाही आणविल्या. या प्रतिनिधींचे परीक्षण हाच या लेखाचा मूळ विषय.

प्रतिनिधी अनेक आहेत. पण त्यांच्या जाती तीन. पहिली ‘स्विनसिड’सारखी. तिच्यात एक लहानसा, स्वस्त गणनयंत्राचा तुकडा असतो आणि जुनी चिप काय म्हणाली असती याचा तो अंदाज करीत राहतो. दुसरी ‘आर्मसिड’. तिचा गणक अधिक बलवान आहे, आणि जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांचे गळे तिला काढता येतात. तिसरी ‘एफपीजीएसिड’. तिच्यातील हजारो सूक्ष्म दारे हव्या त्या रीतीने जोडता येतात. त्यामुळे जुन्या चिपचा हिशेब करण्याऐवजी ती काही अंशी जुन्या चिपचे मंडलच बनते. तिघींचेही पाय अठ्ठावीस. जुनी चिप उपटावी आणि त्याच खाचेत ही बसवावी. पेटीला पत्ता लागत नाही.

पुतण्या म्हणाला, “काका, डोळे मिटा आणि खरी कोणती ते सांगा.” मी मिटले. स्वस्तातली चिप पहिल्याच खेपेला ओळखू आली. स्वर ठीक, पण गाळणी उघडताना जी भरड, किंचित फाटकी कडा ऐकू यायला हवी तिच्या जागी गुळगुळीतपणा. तिन्ही आवाज एकदम चालू केले की त्यांच्यात गर्दी होई. सुरुवातीच्या स्विनसिडला याहून मोठे एक वैगुण्य होते. मूळ चिप आपल्या तिसऱ्या आवाजाची स्थिती संगणकाला उलट कळवू शके, आणि काही रचनाकार त्या उत्तरावर पुढची चाल बेतीत. स्विनसिड बोले, पण विचारलेल्याला उत्तर देत नसे. साथीदाराने वाजवावे खरे, पण गवयाकडे पाहू नये, त्यातली ही गत. भोजाच्या यादीतील सादृश्य हा गुण तिच्यात चित्रापुरताच उतरला होता. तरी तिच्याविषयी तुच्छतेने बोलणे मला जमत नाही. खरी चिप मिळत नाही आणि महाग प्रतिनिधी परवडत नाही अशा किती मुलांच्या पेट्या तिने बोलत्या केल्या असतील!

एफपीजीए जातीच्या चिपने मात्र मला फसविले. तीन वेळा विचारले, त्यांत एकदा मी तिलाच खरी म्हटले आणि खरीला प्रतिनिधी. समीक्षकाने अशी कबुली द्यायची नसते, पण झाले ते असे. तिच्यात ढोलाच्या त्या जुन्या दोषासाठीही एक कळ आहे. दोष हवा असेल तर लावावा, नको तर काढावा. ही सोय मला थोडी अस्वस्थ करून गेली, कारण ज्याला दोष म्हणून भोगावे लागत नाही तो दोष अलंकार होतो. परंतु अर्ध्या तासाने पुतण्याने खरी चिप पुन्हा बसविली आणि तोच स्वर लावून ठेवला. चिप तापत गेली तशी गाळणी कणभर सरकली, आणि त्याने नकळत हात पुढे करून खुंटी किंचित फिरविली. प्रतिनिधीपुढे तो हात पुढे जात नव्हता. फरक मला कानाने सांगता आला नसता. तो त्याच्या हाताने सांगितला.

येथे अनुकरणाच्या अनुकरणाचा एक प्रश्न उभा राहतो. नॉर्वेतील डाग लेम यांनी सिडची नक्कल करणारी ‘रीसिड’ ही संगणकप्रणाली रचली. तिच्यामागे प्रत्यक्ष चिपवर घेतलेली मोजमापे आहेत. पुढे हौशी संशोधकांनी चिपचे कवच उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रे घेतली आणि गाळणीतला एकेक घटक वाचून काढला. हे मूळाकडे पाहणे झाले. पण एखादा कारागीर मूळ चिप कधी न ऐकता केवळ नकलेशी जुळणारी नक्कल करू लागला तर? पहिलीची चूक दुसरीत नियम होऊन बसते.

आपल्या शास्त्रकारांना हा प्रश्न नवा नव्हता. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद पुष्कळसा प्रतिनिधिविचाराला वाहिलेला आहे. विहित द्रव्य मिळाले नाही तर कर्म टाकू नये. त्याच्याशी जास्तीत जास्त सदृश असे दुसरे घ्यावे. तेही नष्ट झाले तर पुढचे द्रव्य प्रतिनिधीशी सदृश नको, मूळाशी सदृश हवे. आणि प्रतिनिधी घेतल्यावर मूळ हाती आले तर मूळच वापरावे. आपल्यापैकी ज्यांनी हे सूत्र वाचले नसेल त्यांनीही ते रोज आचरिले आहे. पूजेत अलंकार नसतात, वस्त्र नसते. त्यांच्या ठिकाणी आपण अक्षता वाहतो, आणि अलंकारांसाठी अक्षता वाहतो असे देवापुढे उघड उच्चारतो. त्यात लबाडी नाही, कारण नाव लपविलेले नाही. अक्षरे घासून विकलेली चिप आणि नाव सांगून बसविलेली प्रतिनिधी चिप यांतला भेद नेमका हा आहे.

या विचारात आणखी एक कठोर मर्यादा घातली आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो, परंतु देवतेला, अग्नीला, मंत्राला आणि ज्याचे कर्म त्या यजमानाला चालत नाही. तांदूळ बदलेल, करणारा बदलणार नाही. या कसोटीला माझ्या पुतण्याची पेटी सरळ उतरते. चिप बदलली, पण डाग त्याने दिला, खुंटी त्याने फिरविली, बेसूर झाल्यावर अंगावर काटा त्याच्या आला. ही पेटी म्हणजे विजेचा खेळ, तिचे कौतुक कशाला करायचे, अशा बुद्धीने मी माडी चढलो होतो. उतरताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरच्या देवळातील एक दुसरीच पेटी होती, आणि तिच्याविषयी मला तितके निश्चिंत राहता येईना.

ती पेटी म्हणजे विजेचा तंबोरा. एकट्याने रियाज करणाऱ्या गायकाला तंबोरा छेडायला दुसरा माणूस कोठून मिळणार, या खऱ्या अडचणीतून ती जन्मली. बंगळूरचे जी. राज नारायण हे अभियंते स्वतः बासरी वाजविणारे. त्यांच्या रॅडेल कंपनीने १९७९च्या सुमारास ती सिद्ध केली, आणि आज ती नाही असे संगीताचे घर दाखविणे कठीण. आरंभीच्या पेट्यांत मंडलांनी घडविलेला स्वर असे. पुढच्यांत खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनिमुद्रित आवाज आला. आणि आता तर पेटीही मागे पडून तेच काम खिशातला फोन करतो. तिच्यावर सरसकट तोंडसुख घेणे मला अन्यायाचे वाटते. कोकणातल्या पावसाळ्यात भोपळ्याचा तंबोरा सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने सांभाळला त्यालाच विचारावे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवले होते. तेवढ्या काळात देवळांतील भजने हार्मोनियमवाचून थांबली नाहीत आणि हार्मोनियमही भजनातून गेले नाही. नव्या वाद्याला केवळ नवे म्हणून हाकलण्याचा शहाणपणा आपण एकदा पाहिला आहे.

पण तंबोरा ही वस्तू साधी नाही. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर तिच्यातून निघू नयेत असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात ते निघतात, आणि जोरात निघतात, हे रामन यांनी दाखविले. याचे कारण घोडीच्या रुंद, किंचित वक्र माथ्यात आहे. तार तेथे एका टोकावर टेकत नाही. ती माथ्यावर घासत, उठत-बसत कंप पावते. तिच्याखाली सुताचा एक धागा सरकवून गवई ती जागा शोधतात जिथे तार एकदम ‘बोलू’ लागते. त्या धाग्याला जीव म्हणतात. तो तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका इकडेतिकडे झाला तर जवारी बसते किंवा फाटते. सिडची गाळणी आणि तंबोऱ्याची जवारी यांच्यात मला येथे नाते दिसते. दोन्हींचे सौंदर्य, नियमाप्रमाणे जे घडू नये ते घडण्यात आहे, आणि दोन्ही एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत सारखी उतरत नाहीत.

देवासमध्ये बसून तंबोऱ्याचा विचार करताना कुमार गंधर्वांचे नाव टाळता येणार नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा गायक १९४८ साली क्षयाने ग्रासलेला असा कोरड्या हवेसाठी देवासला आला. गाणे बंद. स्ट्रेप्टोमायसिनचा गुण येऊन तो पुन्हा मैफलीत बसेपर्यंत १९५३ साल उजाडले. मधली वर्षे त्याने काय केले? ऐकले. पाखरे, दारावरून जाणारे फकीर, माळव्याच्या बायकांची गाणी. देवीच्या टेकडीखालच्या त्या घरातून पुढे जे गाणे निघाले त्याची मीमांसा इतरांनी पुष्कळ केली आहे. मला सांगायचे ते एवढेच की, कुमारांची मैफल ऐकलेल्या रसिकांनी त्यांच्या तंबोरा जुळविण्याविषयी वारंवार लिहून ठेवले आहे. श्रोते बसलेले, आणि हा माणूस खुंटी, मणी, धागा यांच्याशी घटका घटका बोलतो आहे. ते जुळविणे गाण्याआधीचे नव्हतेच. गाणे तेथेच सुरू झालेले असे. त्याच देवासात राहिलेल्या उस्ताद रजब अलीखाँची (१८७४–१९५९) गायकी निराळी. पण तंबोरा न जुळविता गाणे मांडावे ही कल्पना त्या पिढीतील कोणालाच सुचली नसती.

विजेच्या पेटीवर हे जुळविणे नाही. बोट फिरवावे, पट्टी येते. स्वर चुकत नाही हा तिचा गुण म्हणून सांगतात, आणि माझा आक्षेप नेमका तेथे आहे. शिकणाऱ्या मुलाच्या कानापुढे चुकलेला षड्ज कधी येतच नाही, म्हणून तो सुधारण्याची वेळही येत नाही. पेटीने द्रव्य बदलले एवढेच असते तर शास्त्राप्रमाणे तक्रारीला जागा नव्हती. तिने करणाऱ्याच्या कामाचा एक भाग आपल्याकडे घेतला आहे. देवळांत नगारा, झांज व घंटा बडविणारे विजेचे यंत्र आले आहे, त्याच्याबाबतीत तर भागही उरलेला नाही. आरतीच्या वेळी पाच मुले नगाऱ्याभोवती भांडत असत. आता एक कळ दाबली जाते आणि मुले हात जोडून उभी राहतात. ‘जेथे आवाज नको तेथे यंत्र मुके असावे’ हा भोजाचा गुण त्या यंत्राला लावून पाहावा. लय-तालाला अनुसरणे तर दूरच. आरती म्हणणाऱ्यांनाच त्याला अनुसरावे लागते, आणि कडवे संपले तरी ते थांबत नाही.

फोनमधल्या तंबोऱ्याची गोष्ट आणखी पुढची आहे. माझ्या ऐकण्यातल्या काही आवाजांत तंबोऱ्याची नक्कल नाहीच. विजेच्या पेटीची आहे. तो एकसारखा, कधीच न हलणारा आवर्त, पहिल्या तारेनंतरचा तो ठराविक अवकाश. पेटीबरोबर वाढलेल्या कानाला तोच तंबोरा वाटतो, म्हणून बनविणारे तोच देतात. प्रतिनिधीचा प्रतिनिधी घेऊ नये असे जैमिनींनी का बजावले असेल, ते येथे कानाने कळते. सिडच्या हौशी कारागिरांनी मूळ चिपचे कवच फोडून ती पाहण्याचे कष्ट घेतले. आपण तर मूळ वाद्य घरात असताना त्याच्यावर खोळ चढवून ठेवली आहे.

आमच्या भजनी मंडळाचा तंबोरा असाच देवळाच्या माळ्यावर सहा वर्षे पडून होता. देवासहून परतल्यावर मी तो उतरविला. भोपळ्याला तडा नव्हता. दोन खुंट्या सैल झालेल्या, जवारी पार बसलेली. मिरजेत हे काम करणारी घराणी दीड शतकाहून अधिक काळ आहेत. त्यांच्याकडे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे येतात. २०२४ साली तेथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने जवारी लागत नाही, पण ती लावणारा हात अजून तेथे आहे हे तरी त्यावरून कळते. मंडळाच्या बैठकीत मी दुरुस्तीचा खर्च मांडला. एका सभासदाने रास्त प्रश्न विचारला: “दुरुस्त करून आणाल, रोज जुळविणार कोण?” त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने हात वर केला. तिला अद्याप जुळविता येत नाही. येईपर्यंत भजन उशिरा सुरू होईल, कधी षड्ज डगमगेल, आणि म्हातारी मंडळी कुरकुरतील. पेटी विकू नये असे मीच सुचविले. ज्यांना घरी एकट्याने गायचे असेल त्यांनी ती न्यावी.

तंबोरा मार्गशीर्षात मिरजेला गेला. त्याच सुमारास देवासहून पुतण्याने आपल्या पेटीचे छायाचित्र पाठविले. खरी चिप त्याने कापसात गुंडाळून डबीत ठेवली आहे. पत्र्यावर त्याने पूर्वी रंगाने ‘सिड’ असे मोठे लिहिले होते. त्याखाली आता बारीक अक्षरांत, आत बसविलेल्या प्रतिनिधी चिपचे नाव लिहिलेले दिसते.